पावसाची वही

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरीवर रुजू होण्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस. ‘त्यांनी सरळ नाही म्हटले असते तरी चालले असते, बाबा,’ हे तुझे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तेव्हा मी ‘होईल सगळे नीट’ एवढेच म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मलाच ते पोकळ वाटले, कारण ते नीट होईल की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

२०१२ साली आपल्या आटपाडीच्या माळावर मृग कोरडा गेला, पुढे हस्तानेही पाठ फिरवली आणि जनावरे छावणीत बांधावी लागली, ते तुला आठवत असेल. त्याच वर्षी मी अंगणात पर्जन्यमापक बसवला. पाऊस नसताना हे कशाला, असे तुझ्या आईने विचारले होते. पाऊस आणणे माझ्या हाती नव्हते, पण तो किती आला आणि किती नाही हे नेमके पाहणे होते. रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्या वेळेला, नळी डोळ्यांसमोर धरून आकडा वहीत लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीची मनाची अवस्था दोन शब्दांत नोंदवायची, असा नेम मी धरला.

दोन वर्षांनी ती वही चाळताना मी चकित झालो. मी सर्वांत जास्त खचलो असेन ते कडक कोरड्या दिवसांत, अशी माझी समजूत होती. पण त्या दिवसांपुढे ‘ठीक’ असेच लिहिलेले होते. ‘चिडलो’, ‘झोप नाही’ या नोंदी होत्या त्या आभाळ भरून येऊन वाऱ्याने पुढे गेले त्या संध्याकाळच्या. बैलजोडी पडेल भावात विकण्याचे मी ठरवले, तेही अशाच एका संध्याकाळी. म्हणजे मला मोडत होती ती उगवलेली आशा, दुष्काळ नव्हे. तेव्हापासून ढग हुलकावणी देऊन गेले की त्या रात्री मी कोणताही व्यवहार ठरवत नाही.

गिल्बर्ट वॉकर नावाचा इंग्रज गणितज्ञ १९०४ मध्ये आपल्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आला. मोसमी पावसाचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्याने जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे वर्षानुवर्षे एकमेकांशी ताडून पाहिले. खात्रीचा अंदाज त्याला साधला नाही; मात्र प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, हा झोका त्याला सापडला, आणि पुढे एल निनोचे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपल्याकडचा पाऊस बहुधा घटतो त्याचे, कोडे उलगडताना तोच कामी आला. तरीही १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असताना देशात पाऊस सरासरीएवढा झाला. मला याने धीर येतो. उत्तर हाती नसताना माणूस कुतूहलाने कामाला लागू शकतो, आणि त्या काळात तो नुसता वाट पाहत बसलेला नसतो.

आता तुझ्याविषयी. तुला नेमके काय टोचते आहे, हे आधी शोध. पैसे संपत आल्याची चिंता असेल तर खोलीचे भाडे दिवाळीपर्यंत मी पाठवतो, त्यात संकोच नको. नातेवाइकांच्या प्रश्नांची लाज वाटत असेल, तर त्यांना मी स्वतः सांगेन. आणि सकाळी उठून जायला ठिकाण नाही याचा त्रास असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्याचे औषधही वेगळे. या तिन्हींना तू सध्या ‘टेन्शन’ या एकाच नावाने हाक मारते आहेस. तुझ्याआधी निवड झालेल्यांपैकी कोण रुजू झाले आणि कोणत्या कामावर, याचीही चौकशी कर. इंजिनिअर आहेस, माहिती गोळा करणे तुला जमते.

एक कोरी वही सोबत पाठवत आहे. रकाने आखलेले नाहीत, ते तुझे तू आख.

आज सकाळी मापकात ४ मिलीमीटर होते. शेजारी मी लिहिले आहे: ‘ताईची आठवण’.

तुझा,
बाबा