दोरी आणली, टीम लीडर आणला नाही

संपादक महोदय,

जपानी आणि अमेरिकी मोटार कंपन्यांची तुलना निघाली की चर्चा हमखास जपानी माणसाच्या शिस्तीवर आणि कंपनीनिष्ठेवर येऊन थांबते. हे कारण सोयीचे आहे. ते मान्य केले की बाकीच्यांना काही बदलावे लागत नाही. पण ते खोडून काढणारा प्रयोग अमेरिकेतच, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये झाला आहे.

जनरल मोटर्सने (जीएम) तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. रोजची गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास होती आणि युनियनशी कायमचे वाकडे होते. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच. कारभार मात्र टोयोटाकडे. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचल्या.

बदलले काय, तर दोष दिसल्यावर पुढे काय करायचे याची व्यवस्था. जुन्या कारखान्यात लाइन, म्हणजे गाड्यांच्या जुळणीची चालती रांग, थांबवणे हा जवळजवळ गुन्हाच होता. गाडी सदोष असली तरी पुढे जाई आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात उभी राही. नुम्मीत कामगाराच्या डोक्यावर अँडॉनची, म्हणजे अडचणीचा इशारा देणारी, दोरी आली. ती ओढताच लाइन थांबते हा गैरसमज आहे. दोरी ओढली की दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या स्थानकाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधी अडचण सुटली तर तो पुन्हा दोरी ओढून इशारा बंद करतो, लाइन चालूच राहते. सुटली नाही तरच ती खुणेवर थांबते. दर मिनिटाला एक गाडी निघत असेल, तर हा सगळा खेळ काही सेकंदांचा आहे.

म्हणून चार-सहा कामगारांमागे एक टीम लीडर लागतो आणि त्याच्या हाताला नेमून दिलेले काम ठेवायचे नसते. लाइनवर ३०० माणसे असतील आणि पाच जणांमागे एक धरला, तर हे ६० जण झाले. हिशेबनीसाच्या वहीत ते ‘अप्रत्यक्ष’ म्हणून दिसतात आणि खर्चकपात आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. अनेक अमेरिकी कारखान्यांनी दोरी आणली, पण हे ६० जण आणले नाहीत. ओढल्यावर कोणी येत नाही हे कळले की कामगार महिन्याभरात ओढणे सोडतो. जीएमने नुम्मीचा धडा लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस भागातल्या कारखान्यात गिरवून पाहिला. तिथे कामगारांना ज्येष्ठतेचे हक्क जाण्याची धास्ती होती, तर फोरमनना आपला अधिकार जाण्याची. सदोष सुटे भाग येतच राहिले. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.

कामगाराने दोरी ओढावी, सुधारणा सुचवावी, असे वाटत असेल तर त्याने वाचवलेल्या वेळेपायी त्याचीच नोकरी जाता कामा नये. नुम्मीच्या करारात ही हमी होती: कपातीची वेळ आली, तर आधी व्यवस्थापकांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेली कामे परत घ्यायची. १९८८ मध्ये विक्री घसरली तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले गेले. बदल्यात युनियनने कामाच्या डझनावारी श्रेण्या सोडल्या आणि उत्पादन कामगारांसाठी एकच श्रेणी मान्य केली. या देवाणघेवाणीशिवाय कायझेनचे, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचे, फलक लावणे म्हणजे भिंतींची सजावट आहे.

साठ्याबाबतही नक्कल अशीच अर्धी झाली. कानबान कार्डांची, म्हणजे वापरलेल्या भागांच्या जागी नवे मागवणाऱ्या चिठ्ठ्यांची, संख्या काढणे सोपे आहे. रोज ४८० भाग लागतात, कार्ड सुटल्यापासून भरलेला खोका हाती यायला अर्धा दिवस जातो, राखीव १० टक्के आणि खोक्यात २० भाग, असे धरा: ४८० × ०.५ × १.१ ÷ २० = १३.२, म्हणजे १४ कार्डे. खरे काम त्यानंतरचे. चौदातले एक कार्ड काढायचे आणि काय अडते ते पाहायचे. यंत्र बंद पडते का, डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला वेळ लागतो का, सदोष माल निघतो का? ते कारण दुरुस्त करून मगच पुढचे कार्ड काढायचे. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी १,००० टनी प्रेसवरचा चार तासांचा डायबदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. प्रेस चालू असतानाच करता येणारी तयारी वेगळी काढायची, डायची बसण्याची उंची एकसारखी करायची, लांब बोल्टऐवजी झटपट आवळणारे क्लॅम्प लावायचे, अशी ही सगळी बिनमहागडी कामे होती. ती न करता पुरवठादाराला ‘रोज थोडा माल पाठव’ सांगितले, तर साठा कमी होत नाही. तो फक्त त्याच्या गोदामात सरकतो.

पुरवठादाराशी वागण्यातला फरक तर ठळकच आहे. १९९२ मध्ये जीएमचे खरेदीप्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ यांनी चालू करार मोडून नव्याने बोली मागवल्या. तात्पुरती बचत झाली, पण नवे तंत्र आधी जीएमला दाखवायला पुरवठादार कचरू लागले. याउलट १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आवरणारी झडप) जवळजवळ सगळाच तिथे बनत असे आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. जपानमधल्या बहुतेक लाइन थांबल्या. आयसिनने आराखडे वाटले आणि साठाहून अधिक कंपन्या, अगदी शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदरसुद्धा, दराची घासाघीस न करता व्हॉल्व्ह बनवू लागल्या. आठवडाभरात उत्पादन बरेचसे पूर्ववत झाले. पण एका भागाची सारी मदार एकाच कारखान्यावर ठेवणे ही घोडचूक टोयोटाचीच होती, हेही विसरू नये.

वाईट बातमी वर पोहोचली नाही की काय होते, ते जीएमच्या इग्निशन स्विचने, म्हणजे किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करण्याच्या स्विचने, दाखवले. स्विच ठरल्यापेक्षा सैल होता. चालत्या गाडीत किल्ली सरकली की इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. २००६ मध्ये भाग गुपचूप सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे पुढच्या तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षे माग लागला नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या; भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

हा रोग अमेरिकी रक्तातला नाही. त्याच २०१४ मध्ये, आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल टोयोटाला अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूला सुरक्षा चाचण्यांतल्या फेरफारांमुळे सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. चौकशी समितीने बोट ठेवले ते विकासाच्या अतिशय आवळलेल्या वेळापत्रकावर. चाचणी विभागातल्या माणसाला ओढायला दोरीच नव्हती.

– एक वाचक