पप्पांशी वाद घालू नकोस

चि. खुशरू,
अनेक आशीर्वाद.

परवा पप्पांच्या अंत्यविधीवरून बोलताना फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहिते. पप्पांच्या हृदयाचं पंपिंग आणखी कमी झालंय. पण सकाळी प्रार्थना करून कमरेला कुस्तीची पवित्र दोरी बांधणं चुकत नाही, चहात पुदिना लागतोच. तब्येतीचं याहून जास्त लिहिणार नाही.

पारशी लोक देह गिधाडांच्या हवाली करतात त्या डुंगरवाडीत गिधाडं उरली नाहीत, हे त्यांना तू सांगायला नको. बपईजी, पप्पांच्या आई, गेल्या १९८७ साली. तेव्हा तिथली झाडं गिधाडांनी लगडलेली असायची, त्यांच्या भाराने झावळ्या वाकायच्या. फुई, तुझी आत्या, गेली ती भर जुलैत. दोखम्यावर, देह ठेवतात त्या बुरुजावर, आरसे बसवलेत, ऊन एकवटून देह सुकवायला. पण पावसाळ्यात ऊन कुठलं? घरी आल्यावर पप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. तू हे सगळं नव्याने ऐकवलंस, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

आमच्या श्रीवर्धनलाही नारळावर गिधाडांची घरटी होती. गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरायची. मग गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायला लागले. तसं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते. शंभरातली नव्व्याण्णव गेली म्हणतात. गुरांसाठी बंदी आली २००६ साली, आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. ती भरून कधी निघणार?

एक गोष्ट तुला माहीत नाही. गुडघा एवढा दुखायचा तरी पप्पांनी डायक्लोफिनॅकची गोळी कधी घेतली नाही. डॉक्टरांना म्हणाले, "माझा देह ज्यांच्यासाठी आहे त्यांना विष नको." येणारं एक गिधाडही नाही, हे माहीत असताना! मी रागावले होते, रात्र-रात्र गुडघा शेकत बसायचे. पण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही रे.

वरळीला २०१५पासून प्रार्थनागृह आहे, तिथे दहन करता येतं, आणि आई, तुलाही शेवटपर्यंत जवळ बसता येईल, असं तू म्हणालास. ते मला लागलं, कारण ते खरं आहे. मी पारशी नाही, म्हणून डुंगरवाडीत प्रार्थना सुरू झाल्या की मला त्यांचं तोंड दिसणार नाही. लग्न केलं त्या दिवसापासून मला हे ठाऊक आहे. पण माझं नाव पुढे करून त्यांच्याशी भांडू नकोस. मोठ्यांनी एकदा ठरवलं की मुलांनी... जाऊ दे, उपदेश नको. तू पोटतिडकीने बोलतोस ते त्यांच्यावर जीव आहे म्हणूनच. माझं बोलणं मनावर घेऊ नकोस.

फक्त तू वेळेवर ये. मी आत नसणार, मग त्यांच्याजवळ आपलं कोण? पायदस्तात, म्हणजे अंत्ययात्रेत, दोघं-दोघं रुमाल धरून चालतात, त्यात पुढे तू हवास. चुलत्यांची मुलं आहेत, चांगली आहेत, पण तू हवास. पुन्हा तेच लिहिलं बघ. ते अजून ठीक आहेत, काल पातिओ खाल्ला.

ऑगस्टचं तिकीट बघ, जमलं तर आधीचं. आणि तुझ्या डगलीच्या खांद्याचं माप पाठव, जुनी तुला आखूड होईल. शिंप्याला वेळ लागतो. नवरोजला लागेल म्हणून सांगतेय.

तुझी
आई