राणू, श्रीनगरच्या वाटेने जा

अमळनेर,
आषाढ

चि. राणूस,
अनेक आशीर्वाद.

परवा "नाना, मी आता ती आजारी पोर राहिलेले नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. बेटा, लडाखला जाऊ नको असं मी म्हणालोच नव्हतो. एकटी जाऊ नको, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की मनालीहून न जाता श्रीनगरहून जा. ते आज नीट लिहून काढतो आणि मग हा विषय माझ्याकडून बंद.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, आणि मुंबईत तर तू समुद्रालाच चिकटून राहतेस. मनालीहून निघालीस की अटल बोगदा, केलाँग, आणि लगेच बारालाचा खिंड, 4,800 मीटरच्या वर. त्या वाटेवर पुष्कळ जण रात्रीला सरचूला थांबतात. सरचू जवळजवळ 4,300 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही उंच. शरीराला काही उमजायच्या आतच तिथे झोपायचं. श्रीनगरकडून गेलीस तर झोजिला ओलांडून रात्र कारगिलला, 2,700 च्या आसपास, मग फोटुला, मग 3,500 वर लेह. खिंडी तिकडेही आहेत, पण झोपायची जागा हळूहळू वर चढते. श्रीनगरचं नाव काढलं की आईला धडकी भरते, तिला मी समजावतो.

आणि लेहच्या पुढची खारदुंगला खिंड तर 5,359 मीटर. हवेतला प्राणवायू तिथेही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागतं तेही जवळपास निम्मंच. हे मी कितीतरी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं. आता तिथे तू उभी राहणार म्हटल्यावर तीच आकृती रात्री डोळ्यांपुढे येते.

श्वास हा तुझाच विषय आहे, हे मला ठाऊक आहे. तू लोणावळ्याला कैवल्यधामात योग शिकायला गेलीस तेव्हा बापूने विचारलं होतं, "चॅनेलची नोकरी सोडून नाक धरून बसायला शिकायचं?" मी त्याला सांगितलं, ज्या कुवलयानंदांनी 1924 साली ते उभं केलं, ते त्याआधी इथेच अमळनेरला खान्देश शिक्षण मंडळात शिकवत होते. प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासायला घेतलं, नुसत्या श्रद्धेवर सोडलं नाही. बापू गप्प बसला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. तुला हे सांगायचं राहून गेलं होतं.

म्हणूनच म्हणतो, तूही तपासूनच पुढे जा. प्राणायाम करणाऱ्यालाही उंची लागते. धट्टीकट्टी माणसंसुद्धा घाई केली तर फुफ्फुसात पाणी होऊन आडवी होतात. डोकं दुखलं, मळमळलं, बसल्या जागी धाप लागली, तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, बाजारही करायचा नाही. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

पुन्हा वर्ग भरवला मी. माफ कर बेटा. रोज शंभर माणसांना स्वस्थ बसायला शिकवणाऱ्या पोरीला मी काय सांगतोय!

पण मला दिसते ती दिवाळीनंतरची राणू. कापूस घरात यायचा, मधल्या खोलीत छतापर्यंत ढीग लागायचा, आणि तुझी छाती वाजायला लागायची. तू आडवी होऊ शकायची नाहीस. मी भिंतीला पाठ लावून बसायचो आणि तुला छातीशी टेकवून बसवायचो. मोठीमाय ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करत विचारायची, "काय व्हयनं व माय तुले?" तुला बोलता यायचं नाही, तू नुसता हात हलवायचीस. जिच्यामुळे दुखणं होतं तीच वस्तू घरभर, आणि ती विकल्याशिवाय तुझं औषध येणार नव्हतं. शेवटी कुंदाच्या वाड्यात ढीग हलवला.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वास घ्यायला नको, सोडायला शिकवा. म्हणून मी आणि तू पाटावर समोरासमोर बसून सरकी काढलेल्या कापसाचा बोळा फुंकायचो. ओठ बारीक करायचे, गाल फुगवायचे नाहीत, बोळा उडायला नको, नुसता सरकायला हवा, पाटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका फुंकरीत. पहिल्या दिवाळीला तुझा बोळा जागचा हलला नाही. होळीपर्यंत तू मला हरवायला लागलीस.

मागच्या महिन्यात तू पाठवलेल्या व्हिडिओत, तू शिकवायला जातेस त्या कंपनीतली टाय लावलेली माणसं टेबलावर कापसाचे बोळे सरकवत होती. मी तो व्हिडिओ शेजारच्या पाटील सरांना दाखवला, मग त्यांच्या सुनेला, मग पोस्टात गेलो तर तिथल्या पोरालाही. तू कोणालाच सांगितलं नाहीस की हे कुठून आलं. मला त्याचं काही नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

मालिकेच्या दिवसांत असं तुझं काही मी कोणाला दाखवू शकलो नाही. नाव यायचं शेवटी, भर्रकन जायचं, आई चष्मा शोधेपर्यंत जाहिरात लागायची. रात्री दीडला तुझा फोन यायचा, तयार एपिसोडची बँक संपली, उद्याचा एपिसोड अजून एडिटवर आहे. गुरुवारी टीआरपी यायचे म्हणून बुधवारी तुला जेवण जायचं नाही. त्या वर्षांत तुझा दम्याचा पंप पुन्हा सुरू झाला होता, तू लपवलंस तरी आईने पर्समध्ये पाहिला होता. तू ते सोडलंस तेव्हा भाऊबंदांत सगळे हळहळले. मी नाही हळहळलो. पण तेव्हाही फोनवर मी पगाराचंच विचारलं, नाही का? विचारायचं होतं ते वेगळंच, श्वास कसा आहे.

तोरणमाळला सीताखाईच्या कडेला तू पुढे पळालीस आणि मी मागून ओरडत होतो, तेव्हा तू किती लहान होतीस. मागे वळून हसलीस आणि अजून दोन पावलं पुढे गेलीस. आई म्हणते, ही पोर तुमच्यावरच गेलीय.

श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना तू नसणार, हे धरून चाललो आहे. रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने काढतात, पण मी यंदा तुझ्या नावाची सव्वा मूठ वेगळी काढणार आहे. मोठ्या काकूंना चालणार नाही. मी बघतो त्यांचं काय करायचं ते.

आता कामाचं. तुझं सीम प्रीपेड असेल तर निघण्याआधी पोस्टपेड करून घे, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. आणि इतकं सांगूनही मनालीनेच गेलीस तर निदान केलाँगच्या पुढे जिस्पाला दोन रात्री राहा आणि सरचूचा मुक्काम टाळ. तेवढं ऐकलंस तरी मला झोप लागेल. आईला आधी फोन कर, पण तिच्याजवळ सरचूचं काही काढू नको.

तुझे,
नाना

ता. क. पंप बॅगेत ठेवू नको, जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेव. थंडीत गारठला तर नीट चालत नाही. एक नाही, दोन घे.