फुटकी काच कागदात गुंडाळणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. ओढ्याच्या सफाईला तुम्ही आला होतात आणि पुलाखालच्या उतारावर बसून फुटलेल्या बाटल्यांचे तुकडे वेचत होतात. आम्ही बाकीचे भराभर पिशव्या भरत होतो. तुम्ही मात्र एकेक तुकडा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून जाड पुडकं करत होतात, वर सुतळी बांधत होतात आणि मार्करने ठळक लिहीत होतात, 'फुटकी काच. जपून.' कुणीतरी म्हणालं, "अहो, कचराच तर आहे, टाका तशीच." मानही वर न करता तुम्ही म्हणालात, "आपल्यानंतर ही पिशवी कुणीतरी उचलणार आहे ना."

ताई, ते कुणीतरी म्हणजे माझी आई. ती कचऱ्याच्या गाडीवर काम करते. मागे पिशवी उचलताना आतल्या काचेने तिचा तळवा फाटला. टाके पडले. त्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. ज्याने ती पिशवी भरली त्याला हे कधी कळणारसुद्धा नाही.

याआधीही इथे एकदा मोहीम झाली होती. टोप्या, बॅनर, फोटो, सगळं यथासांग झालं. भरलेल्या पिशव्या मात्र काठावरच सोडून मंडळी घरी गेली. रात्री कुत्र्यांनी त्या फाडल्या, पाऊस आला आणि सगळं परत पाण्यात. निस्तरायला आईसारख्याच बायका आल्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून तुम्ही गाडी येईपर्यंत थांबलात याचं मोल मला जास्त वाटतं.

थांबलात तेव्हाही तुम्ही वहीत काय काय निघालं ते टिपत होतात. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी उचललेली प्रत्येक वस्तू अशीच नोंदवली होती आणि पुढे तीच मोहीम जगभर पसरली, हे तुम्ही सांगितलंत. नोंद असली की कचरा येतो कुठून ते कळतं, मग तो तिथेच अडवता येतो. सिगारेटची थोटकं मला कापसाची वाटायची. त्यातला फिल्टर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पर्यावरणावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत नदी असते, झाडं असतात, मासे असतात; घाण उपसणारं माणूस क्वचितच असतं. तुम्हाला ते न दिसताही आठवलं. माणुसकी म्हणतात ती हीच असावी. तिला ना व्यासपीठ लागतं ना टाळ्या, समोरच्याची ओळखसुद्धा लागत नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ते पुडकं कसं बांधलं होतं, अक्षरं केवढी होती, हे तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग." तो पोचवण्यासाठीच हे पत्र.

तुमची,
एका सफाई कामगाराची मुलगी