करारावर सही केली आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

करारावर सही केली. आणखी तीन वर्षं केबिन क्रूमध्ये उडणार आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. टीव्हीवर विमानातल्या धुराची बातमी लागली की तुमची झोप उडते, ठाऊक आहे मला. पण तेव्हा आत काय चालतं ते एकदा नीट वाचा.

बहुतेक विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून येते. सील गळलं की तेलाची वाफ तिच्यात मिसळते आणि मळक्या मोज्यांसारखा वास येतो. जळक्या वायरीचा वास निराळा. म्हणून कॉकपिटला नुसतं ‘धूर आहे’ म्हणून भागत नाही. कुठून येतोय, रंग कोणता, वास कसला, वाढतोय का, सगळं सांगावं लागतं. वैमानिक आधी स्वतःचे मास्क चढवतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर, मग चेकलिस्ट. उगम सापडला नाही तर शोधत बसायचं नाही, जवळच्या विमानतळावर उतरायचं. १९९८ साली स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या उड्डाणात पहिला वास आल्यापासून विमान कोसळेपर्यंत वीस-एकवीस मिनिटंच गेली, २२९ माणसं दगावली. घाबरवायला नाही सांगत. तिथे ज्या इन्सुलेशनच्या आवरणाने आग पसरवली, ते नंतर इतर विमानांतूनही काढायला लावलं.

आई, स्टोव्ह भडकला की तू आधी मला मागच्या दारी उभी करायचीस. आमच्याकडे ही कामं एकदमच होतात: एकजण विझवतो, दुसरी कॉकपिटला कळवते, तिसरी सामान पुरवते आणि माणसं हलवते. विझवणाऱ्याच्या डोक्यावर स्मोक हूड, म्हणजे धुरात श्वास घेता येईल असा टोप असतो, साधारण पंधरा मिनिटं पुरतो. टॉयलेटचं दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. गरम लागलं तर फटीतून फक्त आग विझवायच्या सिलिंडरची नळी जाईल एवढंच उघडायचं. फोन पेटला तर हॅलॉनने, म्हणजे आग विझवणाऱ्या वायूने, ज्वाळा विझतात, पण बॅटरीतले सेल तापत राहून पुन्हा पेटतात, म्हणून वर भरपूर पाणी ओततो. बर्फ कधीच नाही, त्याने उष्णता आत कोंडते.

आणि वरचे पिवळे मास्क धुरात का सोडत नाहीत, हा तुझा प्रश्न. त्यांत केबिनचीच हवा मिसळते, म्हणजे धूरही आत जातो. शिवाय ऑक्सिजनने आग भडकते. त्यापेक्षा ओला रुमाल नाकातोंडावर धरून खाली वाकलेलं बरं.

दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचं मावशींशी बोलून ठेवलंय. गीझरवाला शनिवारी येईल. आईच्या गुडघ्याची तारीख दादाने घेतली आहे, टाळू नका.

आता तुमच्या डिसेंबरच्या विमानप्रवासाचं. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या पिशवीतच, आणि शंभर वॉट-तासांच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. बाबा, फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, चेपला की पेटतो; क्रूला बोलवा. आई, नायलॉन नको, सुती नेस. बसल्यावर दारापर्यंतच्या रांगा मोजा, पुढच्याही आणि मागच्याही. धुरात हाताने चाचपतच जावं लागतं. आणि उतरायला सांगितलं तर पिशवीला हात लावायचा नाही. बाबा, बीपीच्या गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवा, म्हणजे पिशवीसाठी थांबावंसं वाटणार नाही.

तुमची,
मनू