बैठकीची पहिली पाच मिनिटे

संपादक महोदय,

मुंबईतल्या कार्यालयांत अकराची बैठक सव्वाअकराला सुरू होते आणि लोकलचे कारण तयारच असते. बैठक अकरालाच सुरू करावी. उशिरा आलेल्यासाठी झालेले पुन्हा सांगत बसू नये; नाहीतर पुढच्या वेळी आणखी दोघे उशिरा येतात.

पहिल्याच वाक्यात आज काय ठरवायचे ते सांगावे: ‘पुरवठादाराचा नवा दर मान्य करायचा की नाही, हे पावणेबारापर्यंत ठरवू.’ नुसते ‘दरांवर चर्चा’ म्हटले, की तासभर चर्चाच होते, निर्णय राहतो. मग इतिवृत्त कोण लिहिणार ते नाव घेऊन सांगावे. ‘कुणीतरी लिहून घ्या’ म्हटले तर कुणीच लिहीत नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरला दहा मिनिटे आधी जोडून पाहावा, सगळ्यांसमोर वायर शोधू नये.

संचालक मंडळाची बैठक असेल तर आधी गणपूर्ती, म्हणजे किमान लागणारी हजेरी, मोजावीच. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १७४नुसार एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश किंवा दोन, यांतली मोठी संख्या लागते आणि अपूर्णांक वर धरतात. म्हणजे सात संचालक असतील तर तीन हवेत. व्हिडिओवरून हजर असलेलेही मोजले जातात, पण त्यांचा आवाज नीट येतो ना, हे सुरुवातीलाच तपासावे.

– एक वाचक, परळ