तुरुंग हलवाल तेव्हा आधी भिंती वाचवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग शहराबाहेर न्यावा आणि त्या जागी स्मारक करावे, उद्यान करावे, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होत असते. परवा आमच्या सोसायटीच्या सभेतही तोच विषय निघाला, आणि कारंजे कुठे बसवायचे इथपर्यंत चर्चा गेली. मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील या तुरुंगात हवालदार होते. आम्ही भिंतीबाहेरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. घरात घड्याळ नव्हते, तुरुंगातले टोल ऐकूनच आई चुलीवर आधण ठेवायची. मी आत कधी गेले नाही, पण आतली एक भिंत मला पाठ आहे. एका बराकीत कोणा कैद्याने कोळशाने बैल काढला होता. नुसता बैल, मान खाली घातलेला, मानेवर जू नाही. दिवाळीआधी चुना मारायचे काम निघाले आणि बैल चुन्याखाली गेला. वडील म्हणायचे, पुढच्या पावसाळ्यात ओल धरली, चुन्याचे पोपडे सुटले आणि बैलाची पाठ परत दिसायला लागली. मग परत चुना. असे तीन-चार वर्षे चालले. ज्याने काढला तो केव्हाच सुटून गेला होता. वडिलांना चित्रातले काही कळत नव्हते, पण हे सांगताना ते हाताने हवेत पाठीची रेघ ओढायचे. मी पुढे चित्रकला शिक्षिका झाले, त्यात त्या रेघेचा वाटा मोठा आहे.

२०१९ मध्ये मुलीकडे हाँगकाँगला गेले होते. तिथे भर शहरात, चढावर, ताई क्वुन नावाची जागा आहे. पूर्वीचे पोलीस ठाणे, कोर्ट आणि व्हिक्टोरिया तुरुंग, सगळे एकाच आवारात. तुरुंग २००६ मध्ये बंद झाला आणि २०१८ मध्ये आवार लोकांसाठी उघडले. आवारात शिरायला पैसे पडत नाहीत. जुन्या कोठड्या ठेवल्या आहेत, दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतील एवढ्याच. १९३१ मध्ये हो ची मिन्ह यांना याच तुरुंगात डांबले होते. आणि शेजारीच आजच्या कलेसाठी नवी इमारत उभी केली आहे, बाहेरून ॲल्युमिनियमच्या ओतीव विटांची. हर्झोग आणि द म्यूरोन या स्विस वास्तुरचनाकारांचे ते काम. मी कोठडीतून बाहेर पडून थेट त्या दालनात गेले. समोरच्या मांडणीतले निम्मे मला समजले नाही, हे खरे. पण कोठडीतला कोंडमारा अंगावर होता, त्यामुळे मी त्या रिकाम्या पांढऱ्या खोलीत बराच वेळ उभी राहिले. नुसत्या स्मारकात असे उभे राहवत नाही. तिथे आपण पाटी वाचतो, हात जोडतो आणि चप्पल घालतो.

स्पेनमध्ये विगो आणि सालामांका या दोन शहरांनी २००२ मध्ये आपापल्या जुन्या तुरुंगांत समकालीन कलेची संग्रहालये उघडली. विगोची इमारत मधल्या जागेवरून चहूकडच्या सगळ्या विंग दिसाव्यात अशा बेताने बांधलेली. पहारेकऱ्याची नजर जिथून फिरायची, तिथून आता चित्रे पाहतात.

आपली इमारत तर यांच्याहून जुनी आहे. हा तुरुंग मुळात किल्ला; १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली. त्यांचे स्मरण तिथे हवेच, त्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. आणखी एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत असताना या किल्ल्यातून निसटले. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी येत नव्हते. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणे म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच आत निरोप पोचायचा, असे सांगतात. पोरे टाळ्या वाजवायची. त्या किल्ल्यात कलेचे काय काम, असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे.

ठाण्याला दोन नाट्यगृहे आहेत, चित्रे टांगायला हॉल आहे. पण वर्गातल्या चाळीस मुलांना आजची चांगली कला दाखवायची तर मला लोकलने फोर्टला न्यावे लागे, निम्मी हजेरी स्टेशनवर आणि निम्मी काळा घोड्याला. बराकींतली दोन-तीन दालने आजच्या चित्रकारांना, शिल्पकारांना कामासाठी द्या, त्यांनी तिथे बसून काम करावे, ठाण्याच्या मुलांनी ते पाहावे. तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत पिशव्या घेऊन उन्हात बसणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. इतिहासात नाव नसलेल्या त्या माणसांवर काम कोण करणार? पुतळा त्यांचा होत नाही. (आणि तुरुंग हलवताना या बायकांना नव्या जागी पोचायला किती बस बदलाव्या लागतील, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. माणसे दूर लोटून मोकळी केलेली जागा मला नको.)

आता भीती कशाची, तेही सांगते. मी ज्या शाळेत होते तिथे सामानाच्या खोलीची एक भिंत मी मुलांना मोकळी दिली होती. वीस वर्षांची चित्रे, एकावर एक, खाली तारखा. तपासणी येणार म्हणून एका रविवारी तिच्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट मारला गेला. सोमवारी मी कुलूप उघडले तेव्हा वास नाकात गेला आणि दारातच खाली बसले. कोणाचा वाईट हेतू नव्हता. भिंत स्वच्छ दिसावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

तुरुंगातही हेच होईल. बराकी रिकाम्या झाल्या की पहिले टेंडर रंगरंगोटीचे निघेल. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत थरच्या थर गळून पडतात, आतल्या सगळ्यासकट. म्हणून रंगारी येण्याआधी जुन्या भिंती जपणारी जाणती माणसे आत जाऊ देत. प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. चुन्याचे थर बारीक पात्याने एकेक करून उलगडता येतात, वेळ लागतो, पण येतात. खाली काय आहे ते पाहा आणि मग ठरवा.

माझा बैल असेलच, असे मी म्हणत नाही. बराक कोणती, तेही मला ठाऊक नाही. वडील सांगायचे ते एवढेच, की दारातून आत शिरले की डाव्या हाताची भिंत, खिडकीच्या खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
खारकर आळी, ठाणे